सरकारी कामकाजात डिजिटल स्वाक्षरी प्रमाणपत्र: सही, पडताळणी आणि सुरक्षित ई-मेल

एका कार्यालयात संगणकचालकाच्या खणात सात-आठ टोकन (डिजिटल सहीचा गुप्त संकेत साठवणारी पेनड्राइव्हसारखी उपकरणे) एकाच रबरबँडने बांधून ठेवलेली मी पाहिली आहेत. प्रत्येक टोकनवर कागदाची चिठ्ठी चिकटवलेली होती आणि तिच्यावर अधिकाऱ्याचे पदनाम व पिन लिहिलेला होता. साहेब दौऱ्यावर असले तरी काम अडू नये, एवढाच त्यामागचा हेतू होता आणि कोणाच्याही मनात काही वाईट नव्हते. तरीही, कोऱ्या कागदांच्या गठ्ठ्यावर सह्या करून तो गठ्ठा खणात ठेवून देण्याइतकीच ती गोष्ट धोक्याची होती. डिजिटल स्वाक्षरी कशी करावी, दुसऱ्याची कशी तपासावी आणि ई-मेलसाठी ती कशी वापरावी, हे पुढे क्रमाने सांगितले आहे. मात्र टोकन आणि पिन हे दोन्ही फक्त धारकाच्याच ताब्यात असले पाहिजेत, ही अट यातील प्रत्येक पायरीला लागू आहे.

ही अट केवळ शिस्तीची नाही, तर कायद्याची आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ५ नुसार, जिथे कायद्याला सही हवी आहे तिथे विहित पद्धतीने केलेली इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी चालते, आणि कलम ६ ने शासकीय कार्यालयांतील अर्ज, परवाने व देयके यांच्यासाठी तिचा मार्ग मोकळा केला. त्याच अधिनियमाच्या कलम १५ प्रमाणे, सही करतेवेळी ती निर्माण करणारे साधन सही करणाऱ्याच्या एकट्याच्या नियंत्रणात असेल, तरच ती ‘सुरक्षित’ स्वाक्षरी ठरते. कलम ४२ ने खासगी किल्लीवर, म्हणजे टोकनमधील त्या गुप्त संकेतावर, ताबा राखण्यासाठी वाजवी काळजी घेण्याची जबाबदारी थेट धारकावर टाकली आहे. सुरक्षित स्वाक्षरी ज्याच्या नावाची आहे त्यानेच ती संमतीच्या हेतूने केली, असे न्यायालय गृहीत धरते. त्यामुळे ‘ते देयक मी पाहिलेच नव्हते, ऑपरेटरने पाठवले’ असे नंतर म्हणणाऱ्या अधिकाऱ्याला आधी स्वतःच्या निष्काळजीपणाची कबुली द्यावी लागते. दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी किंवा पासवर्ड लबाडीने वापरणाऱ्याला कलम ६६-सी खाली तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

सही करताना नेमके काय घडते

आपण पिन टाकतो तेव्हा संगणक त्या दस्तऐवजातील सगळ्या मजकुराचा मिळून एक छोटा, ठरावीक लांबीचा अंक काढतो. त्याला हॅश म्हणतात आणि सध्या वापरात असलेल्या एसएचए-२५६ पद्धतीत त्याची लांबी २५६ बिट असते. मूळ मजकुरातील एक स्वल्पविराम जरी बदलला, तरी हा अंक पूर्णपणे वेगळा येतो. टोकनमधील खासगी किल्ली या हॅशवर प्रक्रिया करते आणि त्यातून जे निघते ती आपली डिजिटल स्वाक्षरी. खासगी किल्लीची जोडीदार असलेली सार्वजनिक किल्ली प्रमाणपत्रात उघड असते. तिच्या साह्याने जगातील कोणीही ही स्वाक्षरी तपासू शकतो, पण तिच्यापासून नवी स्वाक्षरी तयार करू शकत नाही.

शिवकालीन पत्राच्या माथ्यावर शिक्का असे आणि मजकूर संपताच ‘मर्यादेयं विराजते’ असे मोर्तब उमटवले जाई, जेणेकरून त्याच्याखाली कोणी एखादी ओळ घुसडू नये. हॅश हेच काम करतो, फक्त तो पत्राच्या शेवटापुरता न राहता प्रत्येक अक्षरावर मोर्तब करतो. पीडीएफच्या पानावर दिसणारी नाव, तारीख आणि वेळ यांची चौकट म्हणजे स्वाक्षरी नव्हे, तर तिचे केवळ दर्शनी रूप होय. म्हणूनच डिजिटल सही केलेले पत्र छापून, पुन्हा स्कॅन करून पाठवले, की त्यातील खरी स्वाक्षरी नाहीशी होते आणि उरते ते फक्त एक चित्र. ही चूक आजही सर्रास घडते.

सार्वजनिक किल्ली खरोखर त्याच व्यक्तीची आहे, हे प्रमाणपत्र सांगते, आणि प्रमाणपत्रावर विश्वास ठेवता येतो तो त्यामागच्या साखळीमुळे. भारतात या साखळीच्या मुळाशी प्रमाणन प्राधिकारी नियंत्रक आहेत. ते ई-मुद्रा, एन-कोड, कॅप्रिकॉर्न, सी-डॅक यांसारख्या संस्थांना परवाना देतात आणि या संस्था आपल्याला प्रमाणपत्र देतात. साखळीतील मधली कडी कमकुवत झाली तर काय होते, हे जुलै २०१४ मध्ये दिसले. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रमाणन यंत्रणेतून गूगलच्या संकेतस्थळांच्या नावाने अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे उघड झाले आणि नियंत्रकांनी त्या यंत्रणेची मधली प्रमाणपत्रे रद्द केली. त्याच्या तीन वर्षे आधी, २०११ मध्ये, नेदरलँड्स सरकारला प्रमाणपत्रे पुरवणाऱ्या डिजिनोटार या संस्थेत घुसखोरी झाली आणि काही आठवड्यांत ती कंपनीच दिवाळखोरीत गेली. प्रमाणपत्र रद्द झाले आहे का, हे तपासण्याची सोय प्रत्येक प्रोग्रॅममध्ये का चालू ठेवायची, याचे उत्तर या दोन घटनांत आहे.

प्रमाणपत्र मिळवताना

दुसऱ्या वर्गाची प्रमाणपत्रे देणे १ जानेवारी २०२१ पासून बंद झाले असून, आता सरकारी कामासाठी तिसऱ्या वर्गाचेच प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्यात सहीचे आणि एन्क्रिप्शनचे (इतरांना वाचता येऊ नये म्हणून मजकूर कूटबद्ध करण्याचे) अशी दोन स्वतंत्र प्रमाणपत्रे असतात. निविदा आणि गोपनीय ई-मेल यांच्याशी संबंध येणाऱ्या अधिकाऱ्याने दोन्ही एकत्र घ्यावीत, कारण नुसत्या सहीच्या प्रमाणपत्राने मजकूर कूटबद्ध करता येत नाही. अर्जासोबत ओळखपत्र, पॅन किंवा आधारवर आधारित पडताळणी, कार्यालयाचे अधिकारपत्र आणि मोबाइल व ई-मेल यांची खातरजमा लागते, शिवाय अर्जदाराची चित्रफीतही घेतली जाते. ही चित्रफीत दुसऱ्या कोणाला बसवून उरकण्याची गोष्ट नाही.

अर्जातील ई-मेलचा रकाना भरताना बहुतेक जण चुकतात. घाईत स्वतःचा खासगी पत्ता किंवा विक्रेत्याचाच पत्ता लिहिला जातो आणि तोच प्रमाणपत्रात छापला जातो. पुढे शासकीय पत्त्यावरून सही करून मेल पाठवू लागले, की पाठवणाऱ्याचा पत्ता आणि प्रमाणपत्रातील पत्ता जुळत नाही आणि मिळवणाऱ्याच्या पडद्यावर इशारा झळकतो. म्हणून ज्या पत्त्यावरून प्रत्यक्ष पत्रव्यवहार होणार आहे, तोच पत्ता पहिल्याच दिवशी अर्जात लिहावा. नाव पॅनवर किंवा आधारवर जसे आहे तसेच असावे, आणि कार्यालयाचे नाव पूर्ण लिहावे.

टोकन हाती आले की प्रमाणपत्र त्यात स्वतःच्या देखरेखीखाली उतरवून घ्यावे. सहीची खासगी किल्ली टोकनच्या आतच तयार होते आणि तिथून बाहेर काढता येत नाही, हीच टोकनची खरी किंमत आहे. कारखान्यातून येणारा १२३४५६७८ सारखा पिन त्याच बैठकीत बदलावा. चुकीचा पिन ठरावीक वेळा टाकला गेला तर टोकन बंद पडते. ते पुन्हा सुरू करण्यासाठी कोणी ‘इनिशियलाइझ’ करण्याचा सल्ला दिला, तर आधी प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला विचारावे, कारण त्या क्रियेने टोकनमधील किल्ल्या पुसल्या जातात.

पीडीएफवर सही

टोकनचा ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला टोकन ओळखता यावे यासाठीचा प्रोग्रॅम, त्याच्या उत्पादकाच्या संकेतस्थळावरूनच घ्यावा. तो बसवल्यावर टोकनच्या व्यवस्थापकात आपले नाव, प्रमाणपत्र देणारी संस्था आणि मुदतीची तारीख दिसली पाहिजे. मराठी पत्र सही करण्यापूर्वी युनिकोडमध्ये आहे याची खात्री करावी आणि पीडीएफ करताना फॉन्ट त्यातच समाविष्ट होईल असा पर्याय निवडावा. जुन्या फॉन्टमध्ये टंकलेले पत्र दुसऱ्या संगणकावर उघडले, की स्वाक्षरी बिनचूक असूनही मजकुराच्या जागी निरर्थक चिन्हे दिसतात, आणि सही झाल्यावर ते दुरुस्त करता येत नाही.

अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये ‘यूज अ सर्टिफिकेट’ किंवा जुन्या आवृत्तीत ‘सर्टिफिकेट्स’ हे साधन उघडावे, ‘डिजिटली साइन’ निवडावे आणि सहीची चौकट हवी तिथे माउसने आखावी. मग यादीतून आपले प्रमाणपत्र निवडावे, फाइल नव्या नावाने जतन करावी आणि पिन टाकावा. ‘फिल अँड साइन’ या नावाचे दुसरे साधन शेजारीच असते, पण त्याने पानावर सहीचे फक्त चित्र बसते, त्यात प्रमाणपत्राचा काहीही संबंध नसतो. एकाच टिपणीवर अनेकांच्या सह्या हव्या असतील, तर प्रत्येकाने आधीच्याच फाइलवर क्रमाने सही करावी. ‘सहीनंतर दस्तऐवज कुलूपबंद करा’ हा पर्याय फक्त शेवटच्या अधिकाऱ्याने वापरावा, नाहीतर कक्ष अधिकाऱ्याची सही झाल्यावर उपसचिवांना सहीच करता येणार नाही.

सहीची वेळ हा बारकावा वाटतो, पण लेखापरीक्षणात नेमका तोच प्रश्न येतो. विशेष काही केले नाही तर सहीची वेळ संगणकाच्या घड्याळावरून घेतली जाते आणि ते घड्याळ कोणीही मागे नेऊ शकतो. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था वेळमुद्रेची सेवा देतात. तिचा पत्ता प्रोग्रॅमच्या स्वाक्षरीच्या सेटिंगमध्ये एकदा भरून ठेवला, की प्रत्येक सहीसोबत तिऱ्हाइताने प्रमाणित केलेली वेळ नोंदली जाते. त्याच सेटिंगमध्ये प्रमाणपत्र रद्द झाले आहे का, याची माहिती सहीसोबत साठवण्याचा पर्याय असतो, तोही चालू ठेवावा. प्रमाणपत्राची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षांची असते, तर जमिनीची किंवा सेवापुस्तकाची कागदपत्रे दशकानुदशके लागतात. वेळमुद्रा आणि ही माहिती फाइलमध्येच असेल, तर प्रमाणपत्र संपल्यानंतरही, सही झाली त्या दिवशी ते वैध होते, हे दाखवता येते.

ई-ऑफिस (नस्त्यांसाठी), महाटेंडर्स (राज्याच्या निविदांसाठी), पीएफएमएस (सरकारी निधीच्या देयकांसाठी) अशा प्रणालींत सही ब्राउझरमधून होते आणि त्यासाठी संगणकावर सहीचा छोटा प्रोग्रॅम चालू असावा लागतो. प्रत्येक प्रणालीत प्रमाणपत्राची नोंदणी स्वतंत्रपणे करावी लागते, आणि नूतनीकरणानंतर ती पुन्हा करावी लागते. ग्रामपंचायतीत वित्त आयोगाच्या निधीचे देयक ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक) तयार करतो आणि सरपंच मंजूर करतात. दोघांच्या दोन वेगळ्या स्वाक्षऱ्या ठेवण्याचे कारण, एकाने दुसऱ्याचे काम तपासावे, हे आहे. दोन्ही टोकन एकाच पिशवीत, एकाच माणसाकडे असतील तर ही तपासणी कागदावरही उरत नाही. सरपंचांना संगणक येत नसेल, तर त्यांचे टोकन ठेवून घेण्याऐवजी त्यांच्या शेजारी बसून, रक्कम आणि कोणाच्या खात्यात ती जाणार ते मोठ्याने वाचून दाखवून, पिन त्यांनाच टाकू द्यावा. याला पाच मिनिटे जास्त लागतात, आणि ती दिलीच पाहिजेत.

दुसऱ्याची सही तपासताना

सातबाऱ्याची डिजिटल स्वाक्षरी असलेली प्रत घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याला ‘यावर सही नाही, प्रश्नचिन्ह आहे’ असे सांगून परत पाठवल्याची तक्रार अनेकदा ऐकू येते. पिवळे प्रश्नचिन्ह याचा अर्थ सही खोटी आहे असा नाही. आपल्या संगणकाला त्या साखळीचे मूळ प्रमाणपत्र ओळखीचे नाही, एवढेच ते सांगते. लाल फुली मात्र गंभीर आहे, कारण सहीनंतर मजकूर बदलला गेल्याची ती खूण असू शकते.

प्रश्नचिन्ह दूर करण्यासाठी स्वाक्षरीवर उजवे बटण दाबून ‘सिग्नेचर प्रॉपर्टीज’ आणि तेथून ‘शो सायनर्स सर्टिफिकेट’ उघडावे. डाव्या बाजूला दिसणाऱ्या साखळीत सर्वांत वरचे ‘सीसीए इंडिया’ हे (म्हणजे नियंत्रकांचे) प्रमाणपत्र निवडून ‘ट्रस्ट’ या पानावर ‘अ‍ॅड टू ट्रस्टेड सर्टिफिकेट्स’ दाबावे आणि मग पुन्हा पडताळणी करावी. इथे घाई करू नये. आपण एका माणसावर नव्हे, तर संपूर्ण साखळीवर विश्वास ठेवत आहोत. त्यामुळे त्या मूळ प्रमाणपत्राचा ठसा, म्हणजे ‘फिंगरप्रिंट’ या नावाने दिसणारी अक्षरे व अंक, नियंत्रकांच्या संकेतस्थळावरील ठशाशी जुळतो का हे आधी पाहावे. खालच्या व्यक्तिगत प्रमाणपत्रालाच विश्वासार्ह ठरवण्याची सवय चुकीची आहे, कारण उद्या कोणी त्याच नावाने स्वतःच बनवलेले प्रमाणपत्र पाठवले तर तेही असेच स्वीकारले जाईल. हिरवी खूण दिसल्यावरही नाव, पद आणि सहीची तारीख वाचावी. खूण फक्त सही शाबूत आहे हे सांगते, सही करणाऱ्याला तो आदेश काढण्याचा अधिकार होता की नाही हे ती सांगत नाही.

ई-मेल

ई-मेलमध्ये पाठवणाऱ्याचे नाव बनावट घालणे किती सोपे आहे, याची कल्पना अजूनही पुरेशी रुजलेली नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या नावाने ‘सोबतची फाइल तातडीने भरून पाठवा’ असा मेल आला, तर कनिष्ठ कर्मचारी तो उघडतोच. डिजिटल सही केलेल्या मेलची सवय कार्यालयाला लागली, की सही नसलेला असा मेल आपोआप संशयास्पद ठरतो. केंद्र सरकारच्या २०१५ च्या ई-मेल धोरणातही संवेदनशील पत्रव्यवहारासाठी डिजिटल स्वाक्षरी आणि एन्क्रिप्शन यांचा आग्रह धरलेला होता.

यासाठी एस-माइम ही पद्धत वापरली जाते आणि ती आउटलुक व थंडरबर्ड या दोन्ही प्रोग्रॅममध्ये आहे. कार्यालयाची ई-मेल सेवा बाहेरच्या प्रोग्रॅमला जोडण्याची परवानगी देते का, हे आधी सेवा सांभाळणाऱ्यांना विचारावे आणि परवानगी असेल तरच पुढे जावे. आउटलुकमध्ये ‘ट्रस्ट सेंटर’च्या ‘ई-मेल सिक्युरिटी’ या भागात सहीचे आणि एन्क्रिप्शनचे प्रमाणपत्र निवडावे आणि बाहेर जाणाऱ्या प्रत्येक मेलवर सही करण्याचा पर्याय चालू करावा. थंडरबर्डमध्ये आधी ‘सिक्युरिटी डिव्हाइसेस’ मध्ये टोकनच्या ड्रायव्हरची फाइल ‘लोड’ करावी लागते. थंडरबर्डच्या स्वतःच्या यादीत भारताचे मूळ प्रमाणपत्र नसल्यामुळे ते आणि मधली प्रमाणपत्रे तिथे वेगळी भरावी लागतात. त्यानंतर खात्याच्या सेटिंगमधील ‘एंड-टू-एंड एन्क्रिप्शन’ या भागात प्रमाणपत्र निवडता येते.

सही करायला स्वतःची किल्ली पुरते, पण कूटबद्ध मेल पाठवायला समोरच्याची सार्वजनिक किल्ली लागते. सोपा मार्ग असा, की दोघांनी आधी एकमेकांना फक्त सही केलेला मेल पाठवावा. आउटलुकमध्ये आलेल्या मेलमधील नावावर उजवे बटण दाबून ते संपर्कयादीत जतन केले, की त्याचे प्रमाणपत्र साठते आणि पुढचे मेल कूटबद्ध करता येतात. मेलचा विषय मात्र सहसा कूटबद्ध होत नाही. त्यामुळे ‘श्री. अमुक यांच्या विभागीय चौकशीचा अहवाल’ असा विषय लिहून आतला अहवाल कितीही जपून कूटबद्ध केला, तरी गोपनीयता विषयाच्या ओळीतच संपते. तिथे केवळ संदर्भ क्रमांक लिहावा.

कूटबद्ध मेल ज्यांच्या किल्लीने कूटबद्ध झाला आहे, त्यांनाच उघडता येतो. पदनामाच्या पत्त्यावर आलेला असा मेल, अधिकारी बदलून गेल्यावर, नव्या अधिकाऱ्याला उघडता येत नाही. म्हणून कार्यालयीन अभिलेखात राहायला हवे ते पत्र उघडून, त्याची प्रत ई-ऑफिसमधील संबंधित नस्तीत गोपनीय म्हणून लगेच नोंदवावी. मेलपेटीला अभिलेख कक्ष समजू नये. एन्क्रिप्शनचे जुने टोकन मुदत संपली म्हणून पुसून टाकू नये, कारण जुने मेल उघडायला तीच किल्ली लागते.

निविदांनाही हाच नियम लागू होतो. महाटेंडर्सवरील बोली निविदा उघडणाऱ्या अधिकाऱ्यांच्या किल्ल्यांनी कूटबद्ध होतात. त्यामुळे बोली उघडण्याआधी त्या अधिकाऱ्याने टोकन बदलले, हरवले किंवा पुसले, तर त्याच्या किल्लीने ती निविदा उघडत नाही. अशा अधिकाऱ्याने नूतनीकरणापूर्वी आपल्या नावावर किती निविदा उघडायच्या बाकी आहेत, याची यादी काढून पाहावी.

टोकन हरवल्यास आणि कार्यभार सोपवताना

टोकन हरवले, चोरीला गेले किंवा पिन दुसऱ्याला कळल्याची शंका आली, तरी त्याच दिवशी प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला कळवून ते रद्द करून घ्यावे. कलम ४२ नुसार विनाविलंब कळवणे धारकाचे कर्तव्य आहे आणि कळवेपर्यंतची जबाबदारी त्याच्यावरच राहते. खात्री नसेल तर तात्पुरते निलंबनही मागता येते. सोबत कार्यालयप्रमुखांना लेखी कळवावे आणि ज्या ज्या प्रणालीत ते प्रमाणपत्र नोंदवले आहे, तिथली नोंद काढायला सांगावी.

बदली किंवा निवृत्तीच्या दिवशी कपाटाच्या किल्ल्या आणि शिक्के सोपवले जातात, तसे टोकन सोपवायचे नसते. प्रमाणपत्र व्यक्तीच्या नावाचे असते आणि त्यात जुन्या कार्यालयाचे नाव असेल तर ते रद्द करावे लागते. कार्यभार हस्तांतरणाच्या प्रपत्रात म्हणून चार ओळी वाढवाव्यात: कोणकोणत्या प्रणालीत प्रमाणपत्र नोंदवलेले होते, तिथली नोंद कोणत्या तारखेला काढली, उघडायच्या राहिलेल्या निविदा कोणत्या, आणि कूटबद्ध मेलमधील पत्रांच्या प्रती कोणत्या नस्तीत ठेवल्या. नव्या अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र येईपर्यंतच्या काळासाठी त्या पदाचा अतिरिक्त कार्यभार ज्यांच्याकडे लेखी दिला आहे, त्यांच्याच प्रमाणपत्राची नोंदणी त्या पदासाठी करून घ्यावी, आणि हे पत्र जुना अधिकारी कार्यमुक्त होण्याच्या आधीच काढून ठेवावे.